गुडघ्याला वस्तरा नको

४ सप्टेंबर

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील अशी भीती आहे. ठेवायचं तर ठेव, पण आधी एवढं वाच. भिंगरीचा गुडघा गेला.

व्हॉलीबॉलचा सामना होता. उडी मारून खाली आली, पाय जमिनीवर होता तिथेच राहिला आणि ही मात्र वळली. मी समोरच बसले होते. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. छापखान्यातल्या यंत्रांनी पार खाऊन टाकले. आता फोनवर कोण बोलतंय तेही कळत नाही, म्हणून तर हा कागद. पण तो आवाज मला ऐकू आला, वहिनी. ओली फांदी मोडावी तसा. माझ्या शेजारी बसलेल्यांना आला नाही म्हणे.

इथल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की गुडघ्याच्या आतला दोर तुटलाय, मांडीतली एक शीर काढून नवा करावा लागेल. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी हेच शब्द होते, एकही इकडचा तिकडे नाही.

भिंगरीला मामा आठवत नाही, ती तेव्हा कडेवर होती. गोदामात शिडीवरून पडून मामा गेला एवढंच तिला माहीत. शिडीचा काय दोष? गुडघाच वाकत नसेल तर माणूस शिडी उतरणार कसा? ऑपरेशननंतर आत पू झाला, पुन्हा पुन्हा उघडून धुतला, घातलेला दोर काढून टाकला, आणि गावाचा गोलकीपर लाकडासारखा ताठ झालेला पाय घेऊन घरी आला. त्याला गुडघ्याने मारलं. शिडीचं फक्त नाव झालं.

तू हाडांच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीतच असतेस. पोरगी माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तिला सांग, नको करूस म्हणावं. लंगडेल, खेळ सुटेल, पण राहील तरी.

आणखी एक. हसू नकोस. तिचा गुडघा मोडल्यापासून वरच्या खोलीत पाय वाजतो. एक पाऊल नीट पडतं, मग दुसरं घासत येतं. भिंगरी म्हणते, "आई, तुला दारावरची बेल ऐकू येत नाही, आणि वरचा पाय बरा ऐकू येतो?" मलाही तेच विचारायचंय. पण विचारू कुणाला?

तुझी, अजून असेन तर,
वन्सं


१५ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

पत्र बाजूला ठेवलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत, डोक्यावरची टोपीही न काढता, उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

तुम्ही म्हणता तसं मी भिंगरीला सांगणार नाही. तेवीस वर्षांची मुलगी आहे. दोर तुटलेला गुडघा प्रत्येक वळणाला दगा देतो. आज मैदानात दिला, उद्या जिन्यात देईल, आणि दर वेळी आतली गादी थोडी थोडी झिजते. ऑपरेशन टाळलं म्हणजे काही होणार नाही, असं नसतं.

तुमची भीती ऑपरेशनची नाही, त्यानंतरच्या पुवाची आहे. माझीही तीच आहे. म्हणून त्याबद्दल लिहिते.

मांडीतून काढलेला तो दोर बाहेर आला की त्याला रक्त मिळत नाही. सर्जन हाडात भोक पाडून त्याची जागा तयार करेपर्यंत तो टेबलावर असतो. तेवढ्यात त्याच्यावर एखादा जंतू बसला, तर त्याला हुसकायला शरीराकडून कुणी येत नाही. जंतू लांबून येत नाही, बहुतेक वेळा तो आपल्याच कातडीवरचा असतो. ह्यांच्या वेळी तो दोर ट्रेमध्ये नुसता पडून असणार. तेव्हा सगळीकडे तसंच होतं. आता आम्ही अँटिबायोटिकचं पाणी करतो, त्यात कापड भिजवतो आणि दोर त्यात गुंडाळून ठेवतो, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा. आत जाताना तो ते औषध अंगात मुरवूनच जातो. शिरेतून द्यायचं औषध असतंच, हे वेगळं. आमच्याकडे ते पाणी बहुतेक वेळा मीच करते. हे सुरू झाल्यापासून आमच्या टेबलावरच्या कुठल्या गुडघ्यात पू झालेला मी पाहिला नाही. कधीच होणार नाही असं मात्र लिहून देणार नाही. असं लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिला इकडे पाठवा. आमच्या मोठ्या डॉक्टरांचा हात चांगला आहे, आणि मी आहे.

पायाच्या आवाजाला हसले नाही. त्या घरापासून मी एवढ्या लांब येऊन राहिले, ते उगाच नाही.

तुमची,
वहिनी


२ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र माझ्याआधी भिंगरीने फोडलं. वाचून झाल्यावर माझ्यापुढे असं नाचवलं की जसा काही कोर्टाचा निकाल. हरले मी. तिकीट काढलंय, एकटीच येतेय. मी येणार नाही. हॉस्पिटलच्या त्या बाकावर पुन्हा बसायची ताकद माझ्यात नाही, आणि तूही आग्रह करू नकोस.

तू लांब का गेलीस ते मला तेव्हाही कळत होतं. माझ्यावर राग होता तुझा. का होता ते कधी कळलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याकडे भावजय गप्प झाली की नणंदेनेही गप्प व्हायचं, एवढंच मला येतं. असो. ह्या वेळी माझ्याकडून काही कमी पडलं असं तुला म्हणता येणार नाही.

पोरीला मी अगदी तयार करून पाठवते. निघायच्या दिवशी सकाळी तिचा गुडघा आणि मांडी साफ करून देईन. बाबांचा वस्तरा अजून छान धार धरून आहे. धाकट्याचाही मीच केला होता, आठवतं का तुला? मागच्या दारात खुर्चीवर बसवला होता. म्हणाला, "ताई, गुदगुल्या होतात गं." म्हटलं, हललास तर कापेल. गुळगुळीत केला पाय, एक केस ठेवला नाही. वॉर्डातली सिस्टर म्हणाली होती, "वा, किती छान तयारी करून आणलंय, असे पेशंट हवेत."

कधी कधी वाटतं, तेवढं एक काम त्याच्यासाठी माझ्या हातून नीट झालं.

वन्सं


६ ऑक्टोबर

वन्सं,

हे कुरिअरने पाठवतेय, तिच्या निघण्याआधी मिळावं म्हणून.

गुडघ्याला वस्तरा लावू नका. भिंगरीलाही स्वतः लावू देऊ नका. मी तिला फोनवर सांगितलंय, पण तुम्ही मायेपोटी कराल, म्हणून तुम्हाला वेगळं लिहिते. केस काढायचे असले तर इथे, ऑपरेशनच्या जरा आधी, मशीनने काढतात. सोबत साबणाची बाटली आहे, दोन दिवस तिने त्यानेच अंघोळ करायची. पायावर कुठे खरचटलं, फोड आला, डास चावून खाजवलं, तरी मला कळवा.

कारण विचारू नका. आमच्याकडची पद्धत आहे.

वहिनी


११ ऑक्टोबर

वहिनी,

इतक्या वर्षांत कारण विचारू नका असं तू मला कधी म्हणाली नव्हतीस. मी विचारलं नसतंही.

पण तुझ्या हॉस्पिटलने भिंगरीला सूचनांचा कागद पाठवलाय. सामान भरता भरता ती तो मला वाचून दाखवत होती. माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. तर पोरगी ओरडून वाचतेय, "वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे काप पडतात! त्यात जंतू वाढतात! म्हणून घरी वस्तरा वापरू नये!" शेजारची गॅलरीत येऊन बघायला लागली की भांडण कुणाचं चाललंय. भिंगरी हसली, मीही हसले. बॅगेत टॉवेल ठेवत होते. तो ठेवला, चेन लावली, आणि मग खाली बसले.

"काय झालं, आई?"

"काही नाही. उष्मा आहे."

तिला काय माहीत ती काय ओरडली.

वहिनी, मी केलं का ते? तुला माहीत होतं का? म्हणून तू गेलीस का?

पाय आता वरच्या खोलीत नसतो. जिन्यात येतो. चार पायऱ्या उतरतो आणि थांबतो, जसं काही मला काय बोलायचंय त्याची वाट बघतोय. मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं धरून उभी राहते.

हो की नाही, एका शब्दात लिही. लांबड लावू नकोस.

वन्सं


१६ ऑक्टोबर

वन्सं,

एका शब्दात येत नाही. माफ करा.

हे गेल्यावर मी नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, घरात कुढत बसण्यापेक्षा बरं. दुसऱ्या वर्षी ऑपरेशनच्या आधीच्या तयारीवर तास होता. बाई शिकवत होत्या, की वस्तऱ्याने आदल्या दिवशी केलेली साफसफाई ही साफसफाई नव्हेच. सगळ्याजणी लिहून घेत होत्या. मला समोर फळा दिसेना. मागचं दार दिसत होतं, खुर्ची, साबणाचा फेस, हे मान मागे टाकून हसताहेत, आणि तुम्ही जीभ दातांत धरून, किती जपून.

त्यानंतर तुमच्यासमोर बसून चहा पिणं मला जमेना. तुम्ही त्यांचं काही आठवून बोलायला लागलात की मी उठून कपबशा विसळायला जायचे. मी रागाने गेले नाही, वन्सं. एखाद्या दिवशी हे माझ्या तोंडून निघून जाईल, या भीतीने गेले. भिंगरी सोडली तर तुमचं त्यांच्यावाचून कोणी नव्हतं. त्यांचं म्हणून तुमच्यापाशी उरलं ते तेवढं एक नीट झालेलं काम. ते मी कशी काढून घेऊ?

आता खरं. कुणालाच माहीत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, ज्यांनी चिरलं त्यांनाही नाही. वस्तरा होता. दोर उघडा पडला असणार. त्या खोलीचं दार दर थोड्या वेळाने उघडत होतं, मी बाहेर बसून ते बघत होते. ताप आला तेव्हा ऑपरेशननंतर येतोच म्हणून डॉक्टर थांबले, आणि थांबत राहिले. ह्यातलं एक असेल, सगळं मिळून असेल, किंवा ह्यातलं काहीच नसेल. तुम्हाला हॉस्पिटलने करायला सांगितलं होतं, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही केलं असतं. मी "नाही" एवढंच लिहिलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता का? जिन्यातल्या पायाने ठेवला असता का?

भिंगरी सुखरूप पोचली. कातडी स्वच्छ आहे, कुठे ओरखडा नाही. उद्या सकाळी पहिला नंबर तिचा. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, घरचं माणूस टेबलाशी नको, हात जड होतात." त्यांचं बरोबर आहे. मी बाहेर बसेन. तुम्ही ज्या बाकाला घाबरता, त्याच बाकावर.

वहिनी


२५ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. समजू शकते. तरीही लिहिते.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. मी बाहेर बसून मनातल्या मनात सगळं करत होते. आता पाणी केलं असेल. आता कापड भिजवलं, आता दोर गुंडाळला. माझ्याऐवजी आत होती ती सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेली, तरी मला तिच्या प्रत्येक बोटाचा संशय येत होता. भिंगरी शुद्धीवर आली ती जड जिभेने विचारतेय, "मामी, माझा दोर भिजवला ना?" म्हटलं, "भिजवला गं." म्हणाली, "मग आईला सांग, लोणचं मुरलं."

घरी आणली. माझ्या खोलीत राहिली, व्यायाम करायची, मला शिव्या घालायची. सगळं छान चाललं होतं.

काल गुडघा सुजला. हात लावला तर गरम. अंगातही ताप. ती म्हणाली, "होतं असं थोडं, मामी. आईला नको कळवूस." हेच वाक्य, वन्सं, ह्याच सुरात मी आधी ह्यांच्याकडून ऐकलंय. त्या वेळी मी ऐकून घेतलं होतं. ह्या वेळी तासाभरात तिला हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. गढूळ नाही, लाल आहे. नुसतं साचलेलं रक्त असू शकतं. पण डोळ्यांवर विसंबून राहायचं नाही, म्हणून तपासणीला पाठवलंय. त्यात जंतू उगवतात का ते बघायला काही दिवस लागतात. उगवले तर लगेच आत जाऊन धुवायचं ठरलंय. ह्या वेळी कुणी थांबणार नाही.

ह्यांना ताप होता हे तुम्हाला आत पू झाल्यावरच कळलं होतं. म्हणून होत असतानाच सांगतेय.

आज दुपारी ती तापात झोपली होती. जागी झाली आणि विचारायला लागली, "मामी, समोरच्या खाटेवरचा माणूस कुठे गेला?" म्हटलं, कुठला? "तो, खाटेच्या कडेला बसला होता. माझ्या गुडघ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, काय बघताय? तर म्हणाला, बघतोय, नीट वाकतो का." समोरची खाट आठवडाभर रिकामी आहे. मी तिला पाणी पाजलं. मग बाहेर येऊन हात धुतले, आणि धुतच राहिले.

तुम्हाला या म्हणत नाही. पण बाकावर जागा आहे.

वहिनी


१८ नोव्हेंबर

वहिनी,

घरी पोचलो. भिंगरीला गाडीत दोन सीट लागल्या, एक तिला आणि एक तिच्या पायाला. कंडक्टरशी वाद घालून दोन्ही मिळवल्या तिने.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी कुलूप लावून निघाले, ते तू मला दारात बघितलंस तोवर काय केलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी तुला म्हटलं, "मी बोलायला नाही आले." आणि तू म्हणालीस, "मग बसा." आपण बसलो. इतक्या वर्षांनी एका बाकावर. मग तू डब्यातली पोळी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवलीस.

तो दिवस तुला सांगायचा राहिला. डॉक्टर हातात कागद घेऊन आले आणि बोलायला लागले. तोंडावर मास्क, ओठ दिसेनात. मला एक अक्षर कळलं नाही. म्हणून मी तुझ्याकडे बघत राहिले. तुझा चेहरा आधी काहीच सांगेना. मग तू भिंतीला टेकलीस, आणि हळूहळू खाली सरकत जमिनीवरच बसलीस. मला वाटलं, संपलं. मी डॉक्टरांचा हात धरला आणि ओरडले, "धुवा! मग आत्ता धुवा ना!" सगळा वॉर्ड बाहेर आला. तू खालून माझा पदर ओढत होतीस, मान हलवत होतीस, आणि तुझं ते रडणं की हसणं मला समजत नव्हतं. शेवटी माझा तळहात ओढून त्यावर बोटाने लिहिलंस. काही उगवलं नाही.

डॉक्टर बिचारे हात सोडवून घेईपर्यंत थांबले.

सूज उतरली. ताप तर तू पाहिलासच, आपोआप गेला. भिंगरी दिवसातून कितीदा तरी टाच ओढून गुडघा वाकवते आणि प्रत्येक वेळी मला बोलावून दाखवते. मी बघते. वाकतो. कातडीवर व्रण आहे तो मी एकदा बोटाने चाचपला. तिने पाय ओढून घेतला नाही.

वस्तऱ्याचं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुणालाच माहीत नाही, हे वाचून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पण इतकी वर्षं तू ते एकटीने उचललंस, माझं ओझं, मला न सांगता, ह्याचं काय करू ते कळत नाही. मला वाटायचं तू मला टाकलंस.

पाय अजून वाजतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? जिन्यात नाही आता, पुन्हा वरच्या खोलीत. दुपारी काम उरकलं की मी वर जाऊन खुर्चीवर बसते. भीती जाते असं नाही. पण खाली उभं राहून ऐकण्यापेक्षा शेजारी बसून ऐकलेलं बरं. काल मी मोठ्याने म्हटलं, "भिंगरीचा वाकतो रे." मग बराच वेळ काही वाजलं नाही.

तू ये. रजा काढ. भिंगरीच्या व्यायामाचं निमित्त सांग, नाहीतर काहीच सांगू नकोस. खालच्या खोलीत तिची खाट आणि तिची यंत्रं आहेत, त्यामुळे झोपायला वरचीच खोली आहे. तुला चालणार नसेल तर मी माझं अंथरूण वर नेते आणि तू माझ्या जागी झोप. मोकळेपणाने लिही.

तुझी,
वन्सं


२७ नोव्हेंबर

वन्सं,

रजा मिळाली. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने पोचते. भिंगरीला म्हणावं, गुडघा किती वाकतो ते मी स्वतः मोजणार आहे, थापा चालणार नाहीत.

तुमचं अंथरूण हलवू नका. मला वरचीच खोली द्या. फक्त पलंग भिंतीला लावलेला असेल तर थोडा पुढे ओढा आणि डाव्या बाजूला जागा सोडा. ह्यांचा पाय वाकत नाही.

तुमची,
वहिनी